भिशीतला माणूस

लिहिणाऱ्या लोकांच्या ओळीत मी बसतो असं मला वाटत नाही, म्हणून आधीच माफी मागून ठेवतो. पोलीस खात्यात असताना मी पुष्कळ लिहिलं, पण ते पंचनामे, जबाब आणि स्टेशन डायरीतल्या नोंदी. त्यात 'मला वाटलं' असं लिहायची सोय नसते. पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीवर बारावी पास झालेला आमच्या घरातला मी पहिला. निकाल लागला आणि भरतीत उतरलो, शिपाई झालो, कॉलेज राहिलं ते राहिलंच. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाल्यावर आता महाडच्या एका अभ्यास केंद्रात बी.ए.ला नाव घातलं आहे. रविवारी तास असतात. वर्गातली मुलं मला काका म्हणतात आणि मी मागच्या बाकावर बसलो की हसतात. मागचा बाक माझ्या वयाला शोभत नाही असं त्यांचं म्हणणं.

परवा तासाला मॅडमनी चर्चेला विषय दिला. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला नोकरी मिळावी का, आणि मिळावी तर त्यासाठी कायदा कसा असावा. मुलं भराभर बोलली. कुणी म्हणालं संधी द्यावीच, कुणी म्हणालं आधी आपल्या घरात कामाला ठेवून बघा. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी मागे वळून म्हणाली, "काका, तुम्ही पोलीस होता ना? तुम्ही सांगा." माझ्या तोंडून एवढंच आलं, "मला एक आचारी आठवतो." तेवढ्यात तास संपला. मॅडम म्हणाल्या, "मग लिहूनच आणा." म्हणून हे धाडस. नावं कुणाचीच देत नाही. त्यातली बरीच माणसं अजून याच रस्त्याने जातात-येतात.

ती दुपार अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते.

मी तेव्हा महाड तालुक्यातल्या एका ठाण्यात होतो. माझ्या बीटमध्ये औद्योगिक वसाहतीचा काही भाग आणि सावित्रीकाठची काही गावं येत. ठाण्यातली दुपार शांत असते. सकाळी तक्रारी येतात, संध्याकाळी भांडणं येतात. दुपारी जेवणानंतर फोन वाजला तर तो बहुतेक खबरीचा. खबर देणारा माणूस आजूबाजूचे लोक पेंगले की फोन करतो. त्या दिवशी फोनजवळ आमच्या एक महिला शिपाई होत्या. नोकरीत नव्या, आंबेनळीचा घाट उतरून देशावरून आलेल्या, आणि कामाला फार उत्साही. फोन ठेवला आणि कागद घेऊन माझ्याकडे आल्या.

"साहेब, खबर आहे. एमआयडीसीत अमक्या कंपनीच्या कँटिनमध्ये जो आचारी आहे ना, तो भिशीतला माणूस आहे. चौकशी करा म्हणाला."

"बोलणारा कोण?"

"नाव नाही सांगितलं. हितचिंतक म्हणाला."

"कुणाचा हितचिंतक?"

"मीही तेच विचारलं. तर जरा थांबला आणि म्हणाला, 'सगळ्यांचाच.'"

"आणखी काही?"

"हो. माणूस हाताला चांगला हाय, त्याला मारू-बिरू नका, असं म्हणाला."

इतक्या वर्षांत मी शेकडो खबरी ऐकल्या होत्या. ज्याच्याविरुद्ध खबर द्यायची त्याची आधी तारीफ करणारा पहिलाच भेटला. हे मला तेव्हाच खटकलं होतं. पण त्या महिन्यात आमच्याकडे भिशीच्या तक्रारी चालू होत्या. दरमहा सगळ्यांकडून वर्गणी गोळा करायची आणि पाळीपाळीने एकेकाला द्यायची, ती भिशी. बाजारपेठेतल्या एक बाई अशीच भिशी घेऊन माहेरी गेल्या होत्या आणि परतल्या नव्हत्या. त्यामुळे भिशी हा शब्द कानावर पडला की आमचं सगळं ठाणं ताठ बसायचं. मोठे साहेब म्हणाले, "बाईला साथीदार असेल. जाऊन बघून ये."

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत मोटारसायकलवर कंपनीत गेलो. कँटिनचा ठेकेदार दारातच भेटला. महाडचाच, गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस. मी कोण हे त्याने बुटांवरून ओळखलं.

"साहेब, आधी जेवा," तो म्हणाला. "रिकाम्या पोटी चौकशी केली की सगळेच चोर दिसतात."

बसलो. वालाचं बिरडं होतं, तांदळाची भाकरी, भात आणि सुकटीची चटणी. मी खरं सांगतो, दुसरी भाकरी घेतली तेव्हा मी कशासाठी आलोय हे थोडा वेळ विसरलो होतो. शेजारी एक कामगार जेवत होता. त्याने मला नवीन भरती समजून सल्ला दिला, "बुधवारी रजा टाकू नका. बुधवारी बिरडं असतं."

आचारी कट्ट्यामागे उभा होता. पन्नाशीचा, रुंद हाताचा, मिशी पांढरी. मोठ्याने बोलायचा नाही. पंगत उठली की हातातल्या पळीने पातेल्यावर एकदा टक् करायचा आणि पुढची पंगत आत यायची. जेवणं संपल्यावर त्याने बायकांकडून भाजीच्या सुऱ्या मागून घेतल्या, एकेक मोजली, फडक्यात गुंडाळली आणि वरच्या फळीवर ठेवली. भांडी घासणाऱ्या मावशी करवादल्या.

"रोज मोजतान. सुऱ्या काय आमी घरी न्हेनार हाव?"

"मोजलेल्या बऱ्या, मावशी," तो म्हणाला.

मी मावशींना बाजूला घेतलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "इथे भिशी कोण चालवतं?"

"आमची हाय की, आमा चौघींची."

"आचारी आहे का त्यात?"

मावशी एवढ्या हसल्या की हातातली घासणी खाली पडली. "तो? त्याला बोललेलो आमी, भाऊ, तुमी बी या आमच्या भिशीत. तर काय बोलला ठाव हाय? 'आता पुन्हा नको गो बाय, एकदा झाली तेवढी पुरं.' असं तोंड केलान की जसं काय आमी त्याला फाशी द्यायला न्हेतो!"

हे मी टिपून घेतलं. म्हणजे माणूस भिशीत पूर्वी होता आणि काहीतरी वाईट घडलं होतं. आमच्या शिपाई मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. आचाऱ्याला दुसऱ्या दिवशी ठाण्यात हजर राहायला सांगितलं.

ठाण्यात बोलावलेला माणूस कसा येतो यावरून पुष्कळ कळतं. ज्याच्या मनात काही नसतं तो उशिरा येतो आणि काम बुडालं म्हणून कुरकुर करतो. ज्याच्या मनात काही असतं तो बरोबर पुढारी आणतो. हा सांगितल्या वेळेच्या आधी आला, एकटाच. हातात कापडी पिशवी. पिशवीत काय आहे ते बघितलं तर एक टॉवेल, साबण, कपड्यांचा एक जोड आणि स्टीलचं ताट-वाटी.

"जेवण घेऊन आलास?"

"नाय साहेब. ताट नुस्तं. आपलं ताट आपल्याजवळ असलेलं बरं."

समोर खुर्ची होती. तो खुर्चीकडे गेलाच नाही. भिंतीला पाठ लावून उकिडवा बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, जसं कुणी शिकवलेलं असावं. दोनदा सांगूनही उठला नाही. शेवटी मीच खुर्ची पुढे ओढून त्याच्याजवळ बसलो. शिपाई मॅडम जबाब लिहायला टेबलाशी.

"भिशीत आहेस का?"

"आता नाय. व्हतो. तीन-चार वर्षं."

"भिशी कोण चालवायचं?"

"सरकार."

मॅडमचा पेन थांबला. मी म्हणालो, "सरकार कधीपासून भिशी चालवायला लागलं?"

"पयल्यापासून चालवतं. सकाळचा चहा, नाष्टा, दोन टायमाचं जेवान."

"भिशीत जेवण देतात?"

"भिशीतच देतात. दुसरं कुठं देनार?"

मला वाटलं माणूस माझी चेष्टा करतोय. पण चेहरा तसा नव्हता. तो अगदी मन लावून उत्तरं देत होता.

"किती लोक होते तुमच्या भिशीत?"

"करनारे आमी वीस-पंचवीस. खानारे हजाराच्या वर."

"साहेब," मॅडम हळूच म्हणाल्या, "हजार लोकांची भिशी! ही तर मोठी केस आहे." त्यांना आनंद लपवता येत नव्हता.

"आणि मग भिशी मोडली?"

"मोडंल कशाला? अजून चालू आसंल. मी सुटलो, एवढंच."

"सुटलो म्हणजे?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग मॅडमकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "साहेब, तुमी पोलीस ना?"

"हो."

"मग तुमाला भिशी ठाव नाय? अहो तुरुं..." शब्द तिथेच अडकला. "आतलं सैपाकघर. आत त्याला भिशी म्हनतात."

कैदी पार्टीच्या ड्युटीवर मी कितीदा तरी तुरुंगाच्या मोठ्या दारापर्यंत गेलो होतो. कैदी ताब्यात द्यायचा, सही घ्यायची आणि परत. दाराच्या आत सैपाकघराला काय म्हणतात हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. मॅडमनी हजार लोकांच्या भिशीचा कागद हळूच उलटा करून ठेवला.

मग मला ते सगळं दिसायला लागलं. मोजून ठेवलेल्या सुऱ्या, स्वतःचं ताट, भिंतीला लावलेली पाठ. आणि फोन. हा शब्द या अर्थाने वापरणारा माणूस आत राहून आलेलाच असणार. आणि 'हाताला चांगला हाय, मारू नका' असं कोण सांगेल?

"फोन कुणी केला होता रे?" मी विचारलं.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मीच केलेला."

"स्वतःचीच खबर दिलीस?"

"दिली. मंग काय करू? 'तुरुंगातला मानूस' असं तोंडातनं निघंना. पयल्यापासून निघत नाय. भिशी बोलायला बरं वाटतं. मला काय ठाव तुमाला उमजायचं नाय ते?"

हसू येत होतं आणि हसणं बरोबर नव्हतं. मॅडम चहा सांगायला म्हणून बाहेर गेल्या.

चहा प्यायला तो तयार झाला आणि मग बोलला. शिमग्याला त्यांच्या गावात पालखी आधी कुणाच्या अंगणात थांबणार यावरून दोन घरांत वाद झाला. दोन्ही घरं सख्ख्या चुलतभावांची. याने रागाच्या भरात काठी घातली आणि चुलतभावाचा पाय मोडला. पाय वाकडाच जुळला. गुन्हा शाबीत झाला आणि शिक्षा लागली. "मारलं ते मारलं," तो म्हणाला. "माझ्यावर कोनी खोटं घातलं नाय." आत त्याला भिशीत टाकलं. त्याआधी त्याने घरात कधी चहासुद्धा केला नव्हता. तिथे तो आचारी झाला.

सुटून आल्यावर पाचाडला एका खानावळीत लागला. गडावर येणाऱ्या लोकांची गर्दी होती, मालकाला हात हवा होता, कुणी काही विचारलं नाही. बऱ्याच दिवसांनी गावाकडचं कुणीतरी जेवायला आलं, मालकाच्या कानाला लागलं, आणि दुसऱ्या दिवशी मालक म्हणाला, उद्यापासून नको. मग आंबेनळीच्या रस्त्यावर एका हॉटेलात. तिथेही तेच. एका लग्नाच्या आचाऱ्याकडे हाताखाली राहिला, तिथेही तेच.

"लगेच काढतील तर काय वाटायचं नाय, साहेब. पर माया लागली की मंग काढतात. पाचाडला मालकाचं लहान पोर माझ्याच हातचं खायचं. मंग एक दिस उंबऱ्याच्या भाईर. ह्या टायमाला बोललो, आदीच होऊन जाऊ दे. हितं त्या मावश्या भाऊ बोलायला लागल्या. जास्त माया लागायच्या आत पोलिसांनीच येऊन सांगू दे."

"पण आत्ताच का?"

तेव्हा खरी गोष्ट कळली. कंपनीने ठेकेदाराला कळवलं होतं की कँटिनमधल्या प्रत्येक माणसाचा पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणा. म्हणजे खबर कुणी दिली नसती तरी काही दिवसांत कागद आमच्याच ठाण्यात येणार होता. तो कागद यायची वाट बघणं त्याला सोसवेना.

"आनि नोकरी गेली की घरी बसायचं," तो म्हणाला. "घरी ओटीवर बसलो की समोर त्याची ओटी. तो वाकडा पाय लांब करून बसतो. दिसभर तो पाय बघायचा. मला आतलं बरं वाटतं त्यापेक्षा."

ती पिशवी उचलून तो परत कँटिनला गेला. मी त्याला सांगितलं होतं, दाखल्यासाठी अर्ज कर, बाकी मी बघतो. 'बाकी मी बघतो' हे पोलीस सवयीने म्हणतात. त्या वेळी मला खरोखर ठाऊक नव्हतं की मी काय बघणार आहे.

चारित्र्य पडताळणीत गावात चौकशी करतात. मी तुडीलच्या रस्त्याने त्याच्या गावी गेलो. त्याची ओटी आणि समोरची ओटी, मध्ये एक अरुंद अंगण. समोरच्या ओटीवर चुलतभाऊ बसला होता, पाय लांब करून, तांदूळ निवडत. मी ओळख दिली आणि विचारलं, आता त्याची वागणूक कशी आहे, पुन्हा काही त्रास दिला का.

"त्रास? हा बघा त्रास," त्याने पायावर थाप मारली. "मोडलान माझा पाय. आनि आता कंपनीतली सायबं त्याच्या हातचं जेवतात. लोक येऊन मला सांगतात, तुज्या भावाचं बिरडं काय असतं! मला सांगतात, मला!"

"मग त्याला नोकरीवरून काढावं असं म्हणता?"

तो एकदम सावध झाला. "काढतायत का?"

"ठरलं नाही अजून."

"नाय नाय, साहेब, काढू नका. काढलात तर घरी येईल. समोर बसंल नि दिसभर माज्या पायाकडं बघत ऱ्हाईल. मला जेवान जात नाय त्याच्या त्या तोंडाकडं बघून. ऱ्हाऊ दे त्याला तिकडंच."

"मग असं लिहू का, की तुमची हरकत नाही?"

"हरकत नाय असं नका लिवू. हरकत हाय. पर काढू नका असं लिवा."

आतून त्याची बायको म्हणाली, "सायबांना चहा इचारा आदी. आनि त्या भावजीला सांगा, सनाला तरी घरी ये बोलावं."

"तू गप ऱ्हा गो," तो म्हणाला, पण आवाजात धार नव्हती.

अहवाल लिहायला बसलो. नेहमीची पद्धत अशी की गुन्हा दाखल असेल तर 'गुन्हा दाखल आहे' एवढं लिहायचं आणि कागद जिल्ह्याला पाठवायचा. तेवढं वाचून कुठलीही कंपनी माणूस ठेवत नाही. कशाचा गुन्हा, किती जुना, शिक्षा झाली की सुटला, कुणी बघत नाही. मी तेवढंच लिहिलं असतं तरी मला कुणी दोष दिला नसता. मी गुन्हा लिहिला, कलम लिहिलं, शिक्षा झाली हे लिहिलं. आणि खाली लिहिलं की शिक्षा पूर्ण भोगली आहे, त्यानंतर एकही प्रतिकूल नोंद नाही, आणि ज्याला दुखापत झाली त्याने या माणसाला नोकरीवरून काढू नये असं समक्ष सांगितलं.

मोठे साहेब वाचून म्हणाले, "एवढं कशाला लिहिलंस? कुणी मागितलंय?"

"साहेब, खोटं एक अक्षर नाही."

"खोटं नाही हे दिसतंय. मी विचारतोय, जास्त का लिहिलंस?"

मी म्हणालो, "साहेब, गुन्ह्याचं खरं लिहितो तर त्यानंतरचंही खरंच आहे ना."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि सही केली. मग म्हणाले, "त्याच्या हातचं बिरडं चांगलं असतं म्हणे?"

दाखला मिळाल्यावर ठेकेदार मला बरोबर चला म्हणाला, म्हणून कंपनीत गेलो. एचआरच्या मॅडम तरुण होत्या, पुण्याच्या. कागद दोनदा वाचला. म्हणाल्या, "आमच्याकडे याबद्दल नियमच नाही. गुन्हा असेल तर ठेवू नका असंही नाही आणि ठेवा असंही नाही. मुंबईच्या ऑफिसला विचारावं लागेल." मग मला म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?"

"मॅडम, मला विचारू नका, त्याला विचारा," मी म्हणालो.

त्याला बोलावलं. तो दारात येऊन भिंतीपाशी बसायला लागला, मी डोळ्यांनी दटावलं तेव्हा उभा राहिला. मॅडमनी सरळ विचारलं, काय केलं होतं. त्याने सरळ सांगितलं, पालखी, काठी, पाय. काही लपवलं नाही, काही जास्त लावलं नाही.

"आता राग येतो का?"

"येतो ना."

ठेकेदाराने डोळे मिटून घेतले.

"कधी येतो?"

"भात करपला की येतो. भांड्यांचा आवाज केला की येतो. पर हात वर जात नाय, मॅडम. हात वर जायला लागला की मी सुऱ्या मोजाया घेतो."

मॅडमनी कागदाची घडी घातली. मुंबईचा निर्णय येईपर्यंत काम चालू ठेवा, असं म्हणाल्या.

निर्णय यायच्या आधी माझी बदली झाली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकडे. तिथूनच निवृत्त झालो. पोलादपूरला जाता-येता हायवेवरून त्या कंपनीच्या फाट्यावरून कितीदा गेलो, पण आत वळलो नाही. वाईट बातमी असेल तर ती मला ऐकायची नव्हती.

कॉलेजला आल्यावर मी या विषयावरचं मिळेल ते वाचतो. आपल्याकडे न्यायालयाने शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं, तर त्या दोषाचा डाग पुढे अपात्रता म्हणून लागू नये अशी कायद्यात सोय आहे. अल्पवयीन मुलांनाही तसं संरक्षण आहे. पण ज्याने शिक्षा पुरती भोगली आणि आता खासगी ठिकाणी भात शिजवायला जायचंय, त्याच्यासाठी मला तरी काही सापडलं नाही. काही देशांत म्हणे मालकाने पहिल्याच अर्जावर जुन्या गुन्ह्याचं विचारू नये असा कायदा आहे. आधी माणसाचं काम बघायचं, निवडायचं, मग विचारायचं, आणि त्या गुन्ह्याचा या कामाशी काय संबंध हे लिहून सांगायचं. वर्गात हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, आमच्या आचाऱ्याच्या बाबतीत हे आपोआपच घडलं होतं. आधी लोकांनी बिरडं खाल्लं आणि मग त्याचा गुन्हा कळला. पण प्रत्येकाला असं बिरडं कुठे येतं? ज्याला काहीच विशेष येत नाही, जो फक्त झाडू मारणार आहे, त्यानेही फोन करून स्वतःची खबर देऊ नये अशी काहीतरी सोय हवी. ती कशी असावी हे मला नीट मांडता येत नाही. माझा अभ्यास अजून पहिल्या वर्षाचा आहे.

या प्रकरणाने मला काय शिकवलं हे शेवटी लिहायचं असतं, असं वर्गातल्या मॅडम म्हणाल्या. मी एवढंच शिकलो की माणूस एखादा शब्द का टाळतो हे विचारावं. आम्ही पोलीस शब्द पकडतो. त्याने जो शब्द बोलायचा टाळला होता, सगळी गोष्ट त्यात होती, आणि आम्ही भिशीच्या मागे धावत होतो.

हे इथवर लिहून ठेवलं होतं. काल दुपारी, जेवणानंतर, फोन वाजला. आमच्या त्या शिपाई मॅडम. त्या आता हवालदार झाल्यात आणि त्याच ठाण्यात आहेत.

"साहेब, एक खबर आहे," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "तुमचा भिशीवाला आला होता."

"कशाला?"

"कँटिनचा ठेकेदार बदलला. नवीन आला. कंपनीने त्याला कळवलंय, माणसं तुझी आण, आचारी मात्र हाच राहील. म्हणून नवा दाखला हवा होता."

"म्हणजे तेव्हा ठेवलं होतं त्याला?"

"ठेवलं होतं, साहेब. तेव्हापासून आहे. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही?"

त्याच पुढे म्हणाल्या, "ठाण्यात गर्दी होती. नवीन पोरगा बसलाय टेबलाला, त्याने विचारलं, काय काम? तर हा सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, 'तुरुंगात व्हतो. दाखला पायजे.'"

"असंच म्हणाला?"

"असंच."

मला आणखी एक विचारायचं होतं. "बसला कुठे?"

"खुर्चीवर, साहेब. आणि चहा त्यानेच मागितला."